घर कसं आहे, विचारलं तर

बेंबळी,
६ जानेवारी १९६१

ती. दादांस,

धुरपदाचा नमस्कार. बारा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून घाबरू नका, घरात कुणी गेलेलं नाही. सगळी खाऊनपिऊन खणखणीत आहेत आणि मी तर जरा जास्तच.

विमलला अठरावं लागलं. तुम्ही शेवटचं पाहिलंत तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि तुमच्या फेट्याचा शेमला ओढत होती. आता माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, सातवी पास आहे. तिच्यासाठी दोन ठिकाणं आली आणि दोन्ही मोडली. पोरीत काही खोट काढून मोडली असती तर मी रडून मोकळी झाले असते. पण तसं झालं नाही. दोन्ही वेळेला पाहुणे आमच्याकडून हसत निघाले, रिवाजाप्रमाणे मामाकडं वाशीला चौकशीला गेले आणि तिथून परत आलेच नाहीत.

रिवाज मलाही ठाऊक आहे. पोरीचं घर कसं आहे हे पोरीच्या बापाला कुणी विचारत नाही, मामाला विचारतात. बाप झाकून ठेवील, मामा ठेवणार नाही, असा लोकांचा समज. तुम्ही त्यांना म्हणालात, "त्या घराचं मला काय इचारू नका." बस्स, एवढंच. दादा, तुम्ही शिव्या दिल्या असत्या तरी इतकं बिघडलं नसतं. हिंमतराव पाटलांसारखा माणूस सख्ख्या बहिणीच्या घराबद्दल तोंड मिटून घेतो म्हटल्यावर ऐकणाऱ्यानं काय समजायचं? काहीही समजायचं. पहिल्यांनी म्हणे आमच्याकडं कोड आहे असं समजून घेतलं. दुसऱ्यांनी काय समजून घेतलं ते लिहायला मला लाज वाटते.

आता सास्तूरचं ठिकाण आलं आहे. मुलाचं नाव अंबादास, ग्रामसेवक आहे. वडील नाहीत. चुलते आण्णासाहेब निजामाच्या वेळी तहसिलीत पेशकार होते, घरचा कारभार तेच बघतात. ते तुमच्याकडं येणार हे नक्की. माझं मागणं एकच आहे. चांगलं बोला असं मी म्हणत नाही, झालं ते झालं तसं सांगा. अठ्ठेचाळीस सालच्या भादव्यात, पोलीस ॲक्शननंतर, जिकडंतिकडं माणसं सूड घ्यायला उठली होती. त्या वेळी ह्यांनी मदारसाब पिंजाऱ्याला, त्याच्या बायकोला आणि दोन लेकरांना एकोणीस दिवस आमच्या घरात ठेवलं. आमच्या चुलीवरचं खाऊ घातलं. तुम्ही आलात, ओसरीवरूनच बघितलंत, "घर बाटलं" म्हणालात आणि पाणी न पिता गाडी जुंपायला सांगितलीत. यातलं काही खोटं असेल तर कळवा.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. सांगितलं असतं तर हे काहीच म्हणाले नसते आणि ह्यांचं काहीच न म्हणणं मला सोसत नाही. वहिनीला नमस्कार सांगा, माझ्या भाच्याला, रावसाहेबाला आशीर्वाद.

धुरपदा


बेंबळी,
२४ जानेवारी १९६१

ती. दादांस,

तुमचं कार्ड मिळालं. कार्ड उघडं असतं हे वाशीत कुणाला ठाऊक नाही का? आधी पोस्टमननं वाचलं, मग आमच्या शेजारणीच्या, हरणाबाईच्या, सुनेनं वाचलं, मग ते माझ्या हातात आलं. हरणाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. चहाच्या वेळेपर्यंत विमलच्या मामाचं म्हणणं वेशीपर्यंत पोचलं होतं. एक ह्यांनाच तेवढं कुणी सांगितलं नाही, कारण ह्यांना सांगून कुणाला काही मजा येत नाही.

तुम्ही लिहिलं आहे की घराची शुद्धी करून घ्या, भावकीला जेवण घाला, चूक झाली म्हणून चारचौघांत कबूल करा, पिंजाऱ्याला दाराशी उभं करू नका, मग मी सास्तूरकरांना शब्द देतो. तुम्ही दिलेला शब्द पाळता, याबद्दल मला शंका नाही.

खरं सांगू? कार्ड वाचून मला राग आला नाही. मी आधी मनातल्या मनात भावकीची पानं मोजली. विमल समोर ज्वारी निवडत बसली होती. तिच्याकडं बघून वाटलं, आपलं काय जातं? चार माणसांपुढं "चुकलं" म्हणायचं आणि पोरीला मार्गाला लावायचं. मदारसाब समजूतदार आहे, तो आपणहून दार चुकवून जाईल. इतकं सगळं माझ्या मनात येऊन गेलं, तुमच्यापासून कशाला लपवू?

मग ह्यांच्याकडं नजर गेली. हे ओसरीवर दोर वळत बसले होते. त्या भादव्यातसुद्धा हे तिथंच बसून दोर वळत होते. बाहेरगावचे साठसत्तर जण दारात येऊन उभे राहिले, हातात काठ्या आणि कुऱ्हाडी. एकानं विचारलं, "पिंजारी हाय का घरात?" मी आत, धान्याच्या बळदाच्या तोंडाशी. बळदात ती चौघं बसलेली, जैतुनबीनं धाकट्याच्या तोंडावर हात दाबून धरलेला. मला वाटलं, हे आता "न्हाय" म्हणतील. हे म्हणाले, "हाय. पर घर माजं हाय." आणि परत दोर वळायला लागले. ते लोक बराच वेळ उभे राहिले, आपसात काही बोलले आणि निघून गेले. मी नंतर आठ दिवस ह्यांच्यावर चिडले होते. एक शब्द खोटं बोलायला काय झालं होतं, म्हणून.

त्या माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगू की चारचौघांत चूक कबूल करा? कार्ड मी मिरच्यांच्या डब्याखाली ठेवून दिलं आहे. हो किंवा नाही, आज काहीच लिहीत नाही. सास्तूरचे पाहुणे दहा फेब्रुवारीला येणार आहेत.

धुरपदा


बेंबळी,
१२ फेब्रुवारी १९६१

ती. दादांस,

पाहुणे येऊन गेले. काय झालं ते हरणाबाईच्या तोंडून तुमच्यापर्यंत येण्याआधी मीच लिहिते, कारण तिच्या सांगण्यात तिखटमीठ फार असतं.

आधी माझा गुन्हा. नऊ तारखेला दुपारी मी जैतुनबीच्या दारात गेले आणि म्हणाले, "उद्या विमलचे पाव्हणे येणार हायेत. तू येऊ नगंस." एवढं बोलून तिथंच थांबले. विमलच्या पाळण्यातली गादी ह्याच बाईनं भरलेली. तिनं का म्हणून विचारलं नाही. म्हणाली, "नै आती बाई. छोरी का काम होना, बस." आणि माझ्या ओटीत मूठभर शेंगा घातल्या. घरी येईपर्यंत त्यातली एकही मी फोडली नाही. तुमच्या कार्डातलं चतकोर मी ऐकलं, दादा. उरलेलं ऐकायला मला आणखी किती दिवस लागले असते, देव जाणे.

आता भांड्यांचं ऐका. आमची तांब्यापितळेची भांडी रझाकारांच्या धामधुमीत गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. बार्शीकडं पळून जाताना विहिरीत टाकली होती, परत येऊन बघतो तर विहिरीत नुसतं पाणी. त्यानंतर घरात लागतील तेवढीच घेतली. अकरा पाहुणे येणार म्हटल्यावर हरणाबाई डोक्यावर पाटी घेऊन गावभर फिरली आणि घराघरातून ताटं, वाट्या, पेले गोळा करून आली. मी सगळं चिंचेनं घासून ओसरीवर मांडलं. काय लखलखत होतं म्हणून सांगू! मला अभिमान वाटला. म्हटलं, बघू देत सास्तूरकरांना, कसं भरलेलं घर आहे ते.

भांड्यांवर नावं असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळा जन्म भांडी घासण्यात गेला, कोरलेली नावं रोज बोटांना लागतात. त्या दिवशी बोटांनाही काही कळलं नाही. माझ्यासारखी वेडी बाई साऱ्या तालुक्यात नसेल.

आण्णासाहेब बैठकीच्या मधोमध बसले. साठी उलटलेला माणूस, जाड चष्मा. कचेरीत आयुष्य गेलेलं, त्यामुळं समोर अक्षर दिसलं की वाचायचंच अशी खोड. ताट पुढं आलं तसं त्यांनी काठावर वाचलं, "शिवप्पा मल्लिनाथ वाणी." मग शेजारच्याचं ताट फिरवून घेतलं, "सौ. हरणाबाई." पेल्यावर "महादेवी". पोह्यांच्या परातीवर "भजनी मंडळ, बेंबळी". अंबादास खाली मान घालून हसू दाबत होता. कमलबाई, म्हणजे अंबादासची आई, मात्र हसत नव्हत्या.

"जाजम बी भजनी मंडळाचंच का?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"व्हय," हे म्हणाले.

"आन् घरचं काय हाय ह्यात?"

हे इकडंतिकडं बघून म्हणाले, "पोहे."

मी दाराआड उभी होते, मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. विमलचे कान लालबुंद. पण खरी गंमत पुढंच होती. आण्णासाहेबांनी पाण्याचा तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्याले आणि खाली ठेवताना तो उजेडाकडं धरला. तांब्याच्या गळ्याभोवती बारीक वेलबुट्टी होती. निदान मला ती वेलबुट्टी वाटली होती, घासताना मी हरणाबाईला म्हणालेसुद्धा की काय नाजूक काम आहे. ती उर्दू अक्षरं होती. निजामाच्या शाळेत शिकलेल्या माणसाला ती वाचायला किती वेळ लागणार? त्यांनी मोठ्यानं वाचलं, "मदारसाब वल्द हुसेनसाब, पिंजारी."

कमलबाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

जैतुनबी आली नव्हती. मी सांगितलं तशी घरातच बसली होती. पण आदल्या दिवशी हरणाबाई पाटी घेऊन दारावरून जाताना तिनं नवी कल्हई केलेला आपला तांब्या पाटीत ठेवला. सगळं गाव देतंय तर आपण कसं मागं राहायचं, म्हणून. हे मला पाहुणे गेल्यावर कळलं.

"ह्यो पिंजारी कोण?" आण्णासाहेबांनी विचारलं.

दादा, मला तीन खोट्या गोष्टी एकदम सुचल्या. चुकून आला म्हणावं, बाजारात जुना घेतला म्हणावं, नाही तर सरळ हरणाबाईवर ढकलावं. तिन्ही चांगल्या होत्या, कोणतीही खपली असती. ह्यांनी तोंड उघडलं. मला ठाऊक होतं की हे दोन शब्द बोलतील आणि थांबतील, आणि दोन शब्दांत हे घर कुणाला कळायचं नाही. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुरुषांच्या बैठकीत येऊन उभी राहिले. तुमच्या घरात असताना मी असं कधी केलं नव्हतं.

"म्या सांगते," म्हणाले, आणि सगळं सांगितलं. भादवा, एकोणीस दिवस, बळद, कुऱ्हाडी, आमची चूल, तुमची जुंपलेली गाडी, तुमचं कार्ड. काल जैतुनबीला येऊ नको म्हणून सांगून आले तेसुद्धा सांगितलं आणि तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही. डोळे पुसून म्हणाले, "घर असं हाय. पोरगी ह्याच घरची हाय. पटलं तर बघा, न्हाय तर पोहे खाऊन जावा, पोरीनं चांगले केलेत."

आण्णासाहेबांनी ताट स्वच्छ केलं आणि "कळवतो" म्हणाले. कमलबाईंनी घास खाल्ला नाही. ते सगळे गेल्यावर हे म्हणाले, "कसलं कार्ड?" मी मिरच्यांच्या डब्याखालून काढून दिलं. ह्यांनी सावकाश वाचलं, परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "दादांचं अक्षर अजून चांगलं हाय."

आता ते तुमच्याकडं येतील. काय सांगायचं ते सांगा. मला विमलची काळजी आहे, ती राहणारच. पण घराविषयी आता कुणी काही बोललं तर मी मान खाली घालणार नाही, एवढं कळलं.

धुरपदा


बेंबळी,
३ मार्च १९६१

दादा, दादा, दादा!

सुपारी फुटली! विमल सास्तूरकरांची झाली. काल आण्णासाहेब आणि कमलबाई येऊन कुंकू लावून गेले. सकाळपासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही, हरणाबाई तर आपल्याच लेकीचं जमल्यासारखी सगळीकडं सांगत फिरते आहे. आणि हे कुणामुळं जमलं ते ऐकाल तर फेटा उडेल. तुमच्यामुळं!

आण्णासाहेबांनीच मला सगळं सांगितलं. ते वाशीला तुमच्या ओसरीवर येऊन बसले आणि घराची चौकशी केली. तुम्ही नेहमीसारखं तोंड मिटून घेणार होतात, पण त्यांनी विचारलं, बहिणीनं बारा वर्षांपूर्वी काय केलं, आणि तुमचा पारा चढला. तुम्ही म्हणालात, "त्यांनी पिंजाऱ्याला एकोणीस दिवस चुलीपाशी बसवून खाऊ घातलं. म्हणून म्या तिथलं पाणी पीत न्हाय. झालं समाधान?"

"एकोणीस म्हणालात न्हवं?"

"एकोणीस! घट बसायच्या आदीपासून. म्या मोजलेत."

बस्स, तेवढं ऐकून ते उठले. काल मला म्हणाले, "बाई, म्या तीस वर्षं कचेरीत जबान्या लिहून घेतल्या. लई लई चांगल्या घरची माणसं समोर हुभी राहून धडधडीत खोटं बोलली. गोडीगुलाबीतल्या दोन माणसांच्या जबान्या जुळत्यात, त्याचं काय नवल न्हाय. पर भांडलेल्या बहीणभावाच्या जबान्या दिवसासकट जुळल्या, हे म्या पयल्यांदा बघितलं. ज्या घराचा वैरी बी एवढंच सांगू शकतो, त्या घरात पोरगा द्यायला बी हरकत न्हाय, मग पोरगी घ्यायला कशाला?" आणि वर म्हणाले, "तुमचं माहेर बी चांगलंच म्हणायचं. रागातसुद्धा एक दिवस वाढवून सांगितला न्हाय." घ्या, तुमचीही तारीफ झाली. पत्र वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवा.

कमलबाईंचं मात्र सरळ आहे. त्या म्हणाल्या, "मला ते पिंजाऱ्याच्या पाण्याचं अजून रुचलं न्हाय. उगं गोड बोलत न्हाय म्या. पर माज्या घरात चाळीस ताटं हायेत आन् सास्तुरातलं एक माणूस कदी मागाया येत न्हाय. तुमच्या दारात एक भांडं न्हवतं तर अख्ख्या गावानं आपलं आणून दिलं. माजी सून असल्या घरातली पायजे." मला ही बाई आवडली, दादा. रुचलं नाही ते तोंडावर सांगते.

मग मी उठले आणि जैतुनबीच्या घरी गेले. ह्या वेळी काही बोललेच नाही, हाताला धरून आणलं. ती दारातच थांबायला लागली तर ओढलं. कमलबाईंनी तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि विचारलं, "पोरीची गादी कोण भरणार? तूच का? मग कापूस चांगला घाल, माज्या लेकाची पाठ लई नाजूक हाय." जैतुनबी इतकी हसली की तिचा पदर पडला.

लग्न पाच मेला धरलं आहे.

आनंदानं वेडी झालेली,
धुरपदा


बेंबळी,
९ एप्रिल १९६१

ती. दादांस,

ह्या वेळी बंद पाकीट पाठवलंत, बरं केलंत. हरणाबाई दोन दिवस माझ्यावर रुसली आहे.

तुम्ही लिहिता की मामा म्हणून येईन, पोरीला शालू आणीन, भावकीतली पंधरा माणसं बरोबर घेईन, मात्र पिंजाऱ्याची पंगत वेगळी आणि मागून बसवा. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "तू लिही." म्हणून लिहिते.

पंगत एकच बसेल. मदारसाब आणि त्याची पोरं ह्यांच्या रांगेत बसतील, जैतुनबी माझ्या रांगेत बसेल. आण्णासाहेबांना विचारलं आहे, त्यांची हरकत नाही. कमलबाईंनी नाक मुरडलं आणि मग विचारलं की बुंदी किती करणार. तुमचं पान तुमच्या मानाच्या जागी वाढलेलं असेल, पण ते त्याच पंगतीत.

हे मी रागानं लिहीत नाही. विमलच्या पाठीशी उभं राहायला मामा लागतो आणि मला तिच्या पाठीशी तुम्हीच हवे आहात. दुसऱ्या कुणाला मी ती जागा देणार नाही. तुम्ही आला नाहीत तर ती मोकळी राहील आणि मी मुंडावळ्या बांधलेल्या पोरीकडं बघून रडेन, याची मला खात्री आहे. तुमची आठवण मला रोज येते. सणाला येते, भांडणाला तर जास्तच येते, कारण तुमच्यासारखं भांडायला इथं कुणाला जमत नाही. पण पंगत एकच.

या, दादा.

धुरपदा


बेंबळी,
१६ मे १९६१

ती. दादांस,

तुम्ही संध्याकाळी घाईनं निघालात, बोलायला सवडच झाली नाही. विमलच्या पाठवणीनंतर माझे डोळे सुजून भोपळ्याएवढे झाले होते, मी बोलले असते तरी तुम्हाला काही कळलं नसतं. आता लिहिते.

अंतरपाट धरला तेव्हा तुम्ही मांडवात नव्हता. भटजी दोनदा म्हणाले, "मामा कुठं आहेत?" मी हातात अक्षता घट्ट धरून जमिनीकडं बघत होते. मग बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि तुम्ही आलात, वहिनी, रावसाहेब आणि मागं ती पंधरा माणसं. विमलच्या पाठीशी उभे राहिलात, तिच्या खांद्यावर हात ठेवलात. माझ्या मुठीतल्या अक्षता घामानं चिकटल्या होत्या, पोरीच्या डोक्यावर पडायच्या त्या निम्म्या माझ्या हातालाच राहिल्या.

पण मला खरी धास्ती पंगतीची होती. तुम्ही मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिलात आणि तुमची भावकी तुमच्याकडं बघत उभी राहिली. मदारसाबनं तुम्हाला पाहिलं आणि तो पानावरून उठायला लागला. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि तुम्हाला म्हणाले, "दादा, पान वाढलंय." मी बुंदीची बादली घेऊन उभी होते. बादली खाली ठेवायचं सुचेना, हात भरून आला. तुम्ही फेटा सारखा केलात, एकदा आकाशाकडं बघितलंत आणि बसलात. मग ती पंधरा माणसं एकेक करून बसली. आणि थोड्या वेळानं तुम्ही मला ओरडलात, "अगं, मदारसाबचं पान रिकामं हाय, दिसंना का तुला?" मला सगळ्या पंगतीत तुम्ही झापलंत. इतकं गोड मला आजपर्यंत कुणी झापलं नाही.

आता मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती ती सांगते. तुमच्यापासून पाचव्या पानावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, तुम्ही त्यांना सास्तूरचे समजलात. ते परंड्याचे तात्या. फाल्गुनात तुम्ही रावसाहेबासाठी ज्यांच्या नातीकडं निरोप धाडला होता, तेच. ते एप्रिलात माझ्याकडं येऊन गेले. म्हणाले, "मुलाच्या आत्याला इचारावं म्हणून आलो. ऐकलंय की हिंमतरावांनी सख्ख्या भणीला बारा वर्षं टाकली. लेकीला टाकणारं घर सुनेला काय धरणार? आमची नात आईविना वाढलीया, म्हणून जिवाला घोर. तुमीच सांगा, घर कसं हाय?"

दादा, तुमचंच वाक्य माझ्या जिभेवर आलं. "त्या घराचं मला काय इचारू नका." बोलायचा अवकाश, रावसाहेबाचं ठिकाण गेलं असतं. ते वाक्य मी चांगलं घटकाभर तोंडात घोळवलं. फार गोड लागलं, खोटं कशाला सांगू? मग त्यांना म्हणाले, "पाच मेला लग्नाला या. आमच्या दादांचं पान मांडलेलं आसंल. ते बसत्यात का न्हाय, तुमचं तुमी बघा."

तुम्हाला आधी कळवलं नाही ते मुद्दाम. कळवलं असतं तर तुम्ही पोराच्या सोयरिकीसाठी बसला असतात. मग तुम्ही माझ्याकडं आलात की परंड्याच्या तात्यांकडं, हे मला जन्मभर कळलं नसतं.

काल तात्या येऊन गेले. नात द्यायची ठरली आहे, दोन दिवसांत त्यांचा माणूस वाशीला येईल. जाताना म्हणाले, "त्यांना ठाऊक न्हवतं ना, म्या कोण ते?" मी म्हणाले, न्हवतं. "मग घर चांगलं हाय," असं म्हणून ते गाडीत बसले.

सुपारी फोडायला आम्ही दोघंही येतो आहोत. वहिनीला म्हणावं, पाणी भरून ठेव.

तुमची बहीण,
धुरपदा